बातमीला आठ, ट्वीटला पाव: अंतराळातल्या रसायनांची चर्चा मोजायची कशी?

पुस्तकी_किडा

मंडळी, प्रश्न छोटा आहे पण प्रस्तावना लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

मी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे (कुठली ते विचारू नका). वार्षिक अहवाल आला की कोणाचे किती शोधनिबंध, कुठल्या नियतकालिकात, किती जणांनी संदर्भ दिले, हे तक्ते माझ्या गळ्यात असतात. यंदा त्यात एक नवा रकाना आलाय, ‘ऑनलाइन दखल’. त्यात अल्टमेट्रिकचा आकडा भरायचा.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: बऱ्याच नियतकालिकांच्या संकेतस्थळावर शोधनिबंधाशेजारी मेदूवड्यासारखं एक रंगीत कडं दिसतं. लाल रंग बातम्यांचा, पिवळा ब्लॉगचा, निळ्याच्या छटा समाजमाध्यमांच्या. वड्याच्या भोकात एक आकडा. त्याचा हिशेब ढोबळमानाने असा: बातमीला ८, ब्लॉगला ५, विकिपीडियाला ३ (एका लेखात उल्लेख असो की दहा लेखांत, तीनच) आणि एक्सवरच्या पोस्टला पाव. म्हणजे एक बातमी बरोबर बत्तीस ट्वीट! बातमी देणारा मोठा की छोटा यावर थोडं कमीजास्त होतं, आणि एकाच माणसाने दहादा लिहिलं तरी एकदाच धरतात.

आता गोष्ट अशी. आमच्याकडे एक प्राध्यापक आहेत, आयुष्यभर प्रयोगशाळेत रेणूंचे वर्णपट मोजत आलेले. हवा काढून टाकलेल्या नळीत वायू सोडायचा, त्याच्यातून सूक्ष्मलहरी पाठवायच्या आणि तो नेमक्या कुठल्या वारंवारतेला त्या शोषतो हे दशांशचिन्हानंतर कित्येक घरं मोजत बसायचं. त्यांच्या गेल्या वर्षीच्या शोधनिबंधाचा आकडा आला १. तोही बहुधा त्यांच्याच विद्यार्थ्याच्या कृपेने.

मला खगोलशास्त्राची जुनी खोड असल्याने मी इतरांचे आकडे धुंडाळत बसले. त्यात एक प्रकरण मनात घर करून राहिलं.

महास्फोटानंतर साधारण एक लाख वर्षांनी विश्व थोडं निवलं, तेव्हा हेलियमचा अणू आणि हायड्रोजनचा उघडा केंद्रक यांनी पहिली गाठ मारली. हेलियम हायड्राइड आयन. विश्वातला पहिला रेणू म्हणतात तो हा! प्रयोगशाळेत तो १९२५ मध्येच तयार झाला होता, पण आकाशात सापडत नव्हता. तो शोधला सोफिया या दुर्बिणीने. सोफिया म्हणजे बोइंग ७४७ विमानाच्या पाठीत बसवलेली दुर्बीण. हवेतली वाफ अवरक्त प्रकाश अडवते म्हणून तिच्या वर उडून निरीक्षणं घ्यायची. २०१६ मध्ये हंस तारकासमूहातल्या एनजीसी ७०२७ या तेजोमेघाकडे तिने पाहिलं आणि १४९ मायक्रोमीटरच्या आसपास ती रेषा मिळाली. शोधनिबंध नेचरमध्ये आला १७ एप्रिल २०१९ ला.

आणि १० एप्रिल २०१९ ला काय झालं होतं आठवतंय? कृष्णविवराचा पहिला फोटो! तो नारिंगी मेदूवडा. सगळ्या जगाच्या व्हॉट्सॲपवर तोच. पुढच्याच आठवड्यात बिचारा पहिला रेणू आला. बातम्या झाल्या, नाही असं नाही, पण आपल्यापैकी किती जणांना आठवतो तो?

तर प्रश्न असा: हा आकडा अहवालात टाकावा का? टाकला तर त्याचा अर्थ काय लिहावा? साहेबांना ‘अर्थ’ नकोय, रकाना भरलेला हवाय. मला हवाय.

---

खडूस

टाका की. नाहीतरी सगळेच आकडे असेच असतात.

आमच्या वेळी शोधनिबंधांची संख्या मोजायचे, मग लोक एकाचे तीन करायला लागले. मग संदर्भ मोजायला लागले, तर लोक एकमेकांचे संदर्भ द्यायला लागले. तू माझी पाठ खाजव, मी तुझी. आता ट्वीट मोजतात म्हणे. उद्या प्राध्यापक वर्गात रील करतील आणि बढती मागतील. रकाना भरा, चहा प्या, घरी जा.

---

तारांगण

पुस्तकी_किडाताई, धागा आवडला. खडूसकाका नेहमीप्रमाणे अर्धे बरोबर.

तुमच्या त्या प्राध्यापकांच्या ‘१’ बद्दल बोलायलाच हवं. अंतराळात रेणू सापडला म्हणजे काय होतं? दुर्बिणीला रेणू दिसत नाही, दिसते रेषा. वर्णपटात अमुक वारंवारतेला एक उंचवटा किंवा खळगा. ती रेषा कोणाची हे ठरवायचं तर कुणीतरी आधी प्रयोगशाळेत बसून त्या रेणूच्या वारंवारता मोजलेल्या असाव्या लागतात. कोलोन विद्यापीठाची एक मोठी यादी आहे, नासाच्या जेपीएलची एक आहे. जगभरचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ रोज त्या याद्या उघडून बसतात. आज अंतराळात तीनशेहून जास्त रेणू ओळखले गेलेत, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकामागे असा कुणीतरी नळीत वायू सोडून बसलेला माणूस आहे. यादी उघडण्याची बातमी होत नाही आणि ट्वीटही होत नाही. ताई, पिठाची गिरणी कोण मोजतं? लोक पोळी मोजतात.

दुसरं, शुक्राचं प्रकरण. १४ सप्टेंबर २०२०. कोविडमध्ये सगळे घरात, आणि बातमी आली की शुक्राच्या ढगांत फॉस्फीन सापडला. जेन ग्रीव्ह्ज आणि सहकारी, नेचर ॲस्ट्रॉनॉमी. हवाईमधल्या मॅक्सवेल दुर्बिणीने २०१७ मध्ये आणि चिलीतल्या आल्माने २०१९ मध्ये घेतलेली निरीक्षणं. दोन्हीकडे २६६.९४ गिगाहर्ट्झच्या आसपास एक खळगा. अब्जात वीस भाग फॉस्फीन असं त्यांचं गणित. पृथ्वीवर ऑक्सिजन नसलेल्या जागी राहणाऱ्या जीवाणूंशी फॉस्फीनचा संबंध आहे, म्हणून मथळे झाले: शुक्रावर जीवसृष्टी?

गंमत म्हणजे शोधनिबंधात स्वतः लेखकांनीच लिहून ठेवलंय की हा जीवसृष्टीचा भक्कम पुरावा नाही, आजवर न उलगडलेल्या रसायनाचा आहे. ते वाक्य वाचलं कुणी?

मग सुरू झाली खरी मजा. शुक्र इतका तेजस्वी की दुर्बिणीतच प्रकाश इकडेतिकडे आपटून वर्णपटावर लाटा उमटतात. त्या लाटा काढून टाकायला त्यांनी बारा घातांची बहुपदी वापरली होती. आता बारा घातांची बहुपदी म्हणजे इलॅस्टिक. कशालाही ताणून बसवता येते. लायडनच्या गटाने तीच पद्धत तशीच्या तशी लावून दाखवलं की तिने वर्णपटात इतर ठिकाणीही ठळक ‘रेषा’ तयार होतात, ज्या कुठल्याच रेणूच्या नाहीत. दुसऱ्या गटाने म्हटलं की हा गंधकाचा डायऑक्साइड असू शकतो, त्याची रेषा अगदी खेटून आहे. आल्माच्या विदेच्या (म्हणजे डेटाच्या) मोजमाप-दुरुस्तीतही चूक निघाली. मूळ गटाने आपला आकडा बराच खाली आणला, पण दावा सोडलेला नाही. याच सोफियाने २०२१ मध्ये पाहिलं तर काहीच मिळालं नाही; असेलच तर अब्जात एका भागापेक्षा कमी, असं ते २०२२ मध्ये म्हणाले.

हे सगळं वेगवेगळ्या शोधनिबंधांत, आणि प्रत्येकाचं कडं वेगळं. मूळ शोधनिबंधाचं कडं फुगलेलं, खंडनांची कडी त्यापुढे वाळलेल्या चकलीसारखी. आणि एका कड्यावरून दुसऱ्याकडे जायला वाट नाही.

---

आडत्या

विज्ञानातलं मला काही कळत नाही, मी धान्याच्या व्यापारातला माणूस. पण फॉस्फीन वाचून थांबलो.

अहो, आमच्या गोदामात किडीसाठी ज्या गोळ्या टाकतात, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, त्यातून निघतो तो फॉस्फीनच की! हवेतली ओल लागली की गॅस सुटतो. थप्प्यांवर ताडपत्री टाकून कडा वाळूने दाबून बंद करतात. आठवडाभर आत कुणी फिरकायचं नाही. लसणासारखा, कुजक्या मासळीसारखा वास येतो, आणि वास आला म्हणजे उशीर झाला असं समजायचं. भयंकर विषारी.

ज्या वायूने आम्ही गोदामातला सोंडा मारतो, तो दुसऱ्या ग्रहावर दिसला तर तिथे जीव आहेत म्हणायचं? हे काय गौडबंगाल?

---

तारांगण

आडत्यादादा, हा प्रश्न त्या वेळी वर्तमानपत्रांत यायला हवा होता.

ऑक्सिजनवर जगणाऱ्यांना तो विष आहे. सोंडा आणि आपण एकाच पंगतीतले. ज्यांना ऑक्सिजनच लागत नाही त्यांचा व्यवहार वेगळा. दलदल, सांडपाण्याचा गाळ अशा ठिकाणी तो थोडा थोडा सापडतो. आणि गुरूच्या पोटात तर जीवाचा काही संबंध नसताना तयार होतो, तिथल्या उष्णतेने आणि दाबाने. शुक्र खडकाळ, तिथे तसं होणं अवघड म्हणून एवढी चर्चा.

---

जुना_बातमीदार

पडद्यामागचं सांगतो. अशी प्रसिद्धिपत्रकं घेऊन अर्धं आयुष्य गेलं.

मोठ्या नियतकालिकांचा शोधनिबंध येण्याच्या काही दिवस आधी पत्रकारांना मिळतो. अट एकच, अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत छापायचं नाही. त्यामुळे त्या मिनिटाला शंभर ठिकाणी एकच बातमी फुटते. तुमचं ते कडं लाल होतं ते असं. शंभर पत्रकारांनी शंभर वेळा विचार केला असं नाही. एका प्रसिद्धिपत्रकाच्या शंभर प्रती निघाल्या. प्रत्येक प्रतीला आठ गुण. खंडन मात्र असं वाजतगाजत येत नाही. ते येतं कुठल्यातरी मंगळवारी, बहुपदीच्या घातांबद्दल. संपादकाला सांगा बरं, ‘बारा घातांची बहुपदी’ असा मथळा द्या म्हणून.

या क्षेत्रात वास आणि चव यांना फार भाव. २००९ मध्ये आकाशगंगेच्या मध्याजवळच्या सॅजिटेरियस बी२ या ढगात एथिल फॉर्मेट सापडला. स्पेनमधल्या तीस मीटर दुर्बिणीचं काम, शोधत होते अमिनो आम्लं. एथिल फॉर्मेट रासबेरीच्या चवीत असतो आणि रमच्या वासातही. झालं! ‘आकाशगंगेचा गाभा रासबेरीच्या चवीचा.’ त्याच शोधनिबंधात दुसराही एक रेणू होता, प्रोपिल सायनाइड, त्याही वेळी तितकाच नवा. त्याला कुणी विचारलं नाही. त्याचा फांदीवाला भाऊ त्याच ढगात २०१४ मध्ये मिळाला, आणि अमिनो आम्लांच्या दिशेने पाहायचं तर फांदीवाली कार्बनची साखळी अंतराळात बनते हे रासबेरीपेक्षा किती मोठं! पण सायनाइडची चव कोण विचारणार?

मग २०१५, लवजॉय धूमकेतू. त्यात एथिल अल्कोहोल आणि एक साधी शर्करा मिळाली. नासाच्या प्रसिद्धिपत्रकात होतं की तो ऐन भरात असताना सेकंदाला निदान पाचशे बाटल्या वाइनइतकं अल्कोहोल सोडत होता. मी स्वतः ती बातमी केली. मथळ्यात बाटल्या होत्या, शर्करा तिसऱ्या परिच्छेदात. कबूल करतो.

आणि सगळ्यात मासलेवाईक म्हणजे २०१८ चा युरेनस. हवाईच्या जेमिनी दुर्बिणीने त्याच्या ढगांच्या वर हायड्रोजन सल्फाइड पाहिला, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. इंग्रजी वाचणारं जग महिनाभर खिदळत होतं, कारण त्या ग्रहाचं नावच इंग्रजीत उच्चारलं की चावट होतं. आमच्या मराठी पानावर तीच बातमी गेली आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. ‘युरेनसला सडक्या अंड्यांचा वास.’ बरं, मग? विनोद भाषेतच राहिला, अंडी फक्त इकडे आली. म्हणजे त्या आकड्यात रसायनशास्त्र किती आणि इंग्रजी शिशुवर्ग किती, हे वेगळं काढणार कसं?

---

मैना

बातमीदारकाका 😂😂 वाचनखूण साठवली.

एक शंका. आमच्या घरी विज्ञानाची कुठलीही बातमी आधी सासऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. तिथे चर्चा होते, भांडणं होतात, एक काका ग्रुप सोडून जातात. हे कुठे मोजलं जातं का? आणि आपला हा धागा?

---

पुस्तकी_किडा

मैना, नाही आणि नाही. व्हॉट्सॲप बंद दाराआडचं, तिथे कुठलाच मोजणारा जाऊ शकत नाही. आपला धागा उघडा आहे, पण मोजायचं तर शोधनिबंधाचा दुवा किंवा ओळखता येईल असा उल्लेख लागतो, आणि ते संकेतस्थळ त्यांच्या यादीत असावं लागतं. आपण दोन्हीत नापास. आडत्यादादांचा प्रतिसाद मी या विषयावर वाचलेल्या उत्तम प्रतिसादांपैकी एक आहे आणि त्याचे गुण शून्य.

खगोलवाले स्वतः कुठे वाचतात तर अरकाइव्ह या शोधनिबंधांच्या मसुद्यांच्या खुल्या संग्रहावर आणि एडीएस नावाच्या त्यांच्या जुन्या सूचीवर. एडीएसवर एखादा शोधनिबंध हजार जणांनी उघडला तरी त्या कड्यात रंगाची रेघ येत नाही. म्हणजे बाहेरच्या बघ्यांची गर्दी मोजली जाते, आतल्या मांडवातली नाही.

---

तारांगण

यावरून आठवलं. चंद्रयान-३. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस प्रज्ञानने दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीवर लेसर मारून गंधक ओळखलं. इस्रोने ते संकेतस्थळावर आणि ट्विटरवर टाकलं. त्या दिवशी देशात रसायनशास्त्राबद्दल जेवढं बोललं गेलं असेल तेवढं आवर्त सारणी पाठ करतानाही बोललं जात नाही! आमच्या सोसायटीच्या वॉचमनने मला विचारलं, गंधक म्हणजे फटाक्यातलं तेच ना.

पण त्या दिवशी शोधनिबंध नव्हता. शोधनिबंध नाही म्हणजे त्याचा ओळख-क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणजे कडं नाही. प्रज्ञानवरच्याच दुसऱ्या उपकरणाने, क्ष-किरणवाल्या, केलेल्या मोजमापांचा शोधनिबंध पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये नेचरमध्ये आला. चंद्र एकेकाळी वितळलेल्या खडकाचा समुद्र होता या कल्पनेला तो पुष्टी देतो. त्याचं कडं आहे. पण २०२३ चा तो जल्लोष त्या हिशेबात जमा होणार कुठे?

---

समुद्रकाठ

वेंगुर्ल्याहून लिहितोय, नेट मधेच जातं, सांभाळून घ्या.

२०२५ च्या एप्रिलमध्ये ती के२-१८बी ची बातमी आली होती ना. १२४ प्रकाशवर्षांवरचा ग्रह, सिंह राशीच्या तारकासमूहात. केंब्रिजच्या गटाने जेम्स वेबच्या निरीक्षणांवरून सांगितलं की तिथे डायमिथाइल सल्फाइड असावा, आणि पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे बनतो. आमच्या गावात एकच चर्चा: ‘म्हणजे तिकडंय दर्याचो वास येता!’ समुद्राच्या वासात त्याचा वाटा असतो हे खरं आहे. कोबी जास्त शिजला की येतो तोही तोच, पण तसं म्हटलं की मजा जाते.

नंतर मी शोधत गेलो. दावा तीन सिग्माचा होता (सिग्मा म्हणजे खात्रीचं माप), खगोलवाले पाच मागतात. इतर गटांनी तीच विदा पुन्हा तपासली तर कुणाला सपाट रेघेवर भागतंय, कुणाला दुसरे रेणूही तितकेच चालतायत. आणि हाच वायू ६७पी धूमकेतूवर रोझेटा यानाच्या मोजमापांत सापडलाय, २०२४ मध्येच तसं प्रसिद्ध झालं होतं. धूमकेतूवर कुठला समुद्र आणि कुठलं शेवाळ? म्हणजे तो जीवाशिवायही बनतो. धूमकेतूची ही बातमी आमच्या नाक्यावर आली नाही. एकाच रेणूच्या दोन बातम्या. एक गावभर फिरली, दुसरी मला खणून काढावी लागली, आणि पहिलीचा अर्थ लावायला दुसरीच लागते.

नाक्यावर सांगितलं तर म्हणाले, तू नेहमीच पाणी ओततोस.

---

खडूस

समुद्रकाठ, पाणी ओतणारे हवेतच.

पहिल्या प्रतिसादात मी चेष्टा केली, आता जरा नीट लिहितो कारण हे प्रकरण मी डोळ्यांनी पाहिलंय. २९ नोव्हेंबर २०१०, नासाने पत्रकारांना कळवलं की परग्रहावरच्या जीवसृष्टीच्या शोधावर परिणाम करणाऱ्या संशोधनाबद्दल पत्रकार परिषद आहे. तीन दिवस इंटरनेटवर नुसता धुमाकूळ, कुणी म्हणे शनीच्या चंद्रावर जीव सापडला. २ डिसेंबरला निघालं काय? कॅलिफोर्नियाच्या मोनो सरोवरातला जीवाणू, जो म्हणे आपल्या डीएनएमध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिक घालतो. ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध.

दोन दिवसांत व्हँकूव्हरच्या रोझी रेडफिल्ड या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या ब्लॉगवर त्याची चिरफाड केली: डीएनए नीट धुतलाच नाही, जीवाणू वाढवायच्या द्रावात फॉस्फेट शिल्लक होतं वगैरे. मग ट्विटरवर आर्सेनिकलाइफ हा हॅशटॅग. शोधनिबंध छापील अंकात यायला जून २०११ उजाडला, तोही आठ आक्षेपपत्रांच्या वरातीसह. २०१२ मध्ये दोन गटांनी दाखवलं की जीवाणूला फॉस्फरस लागतोच. आणि सायन्सने तो मागे घेतला कधी? जुलै २०२५! लेखकांना ते मान्य नव्हतं.

आता ताई, तुमच्या कड्याचा हिशेब लावा. २०१० मध्ये दाव्याची बातमी, आठ गुण. २०१२ मध्ये दावा कोसळल्याची बातमी, मूळ शोधनिबंधाचा दुवा असेल तर त्यालाच आठ. २०२५ मध्ये मागे घेतल्याची बातमी, परत आठ. गाढव मेलं तरी ओझ्याचं भाडं चालूच.

आणि आणखी एक. ‘अल्टमेट्रिक्स’चा जाहीरनामा निघाला तो ऑक्टोबर २०१० मध्ये, या सगळ्याच्या जेमतेम महिनाभर आधी. समाजमाध्यमांतून संशोधनाची दखल मोजू या म्हणणाऱ्यांना पाळण्यातच हे बाळंतविडे मिळाले.

---

ऱ्हाइनकाठी

उशिरा आले. जर्मनीत पोस्टडॉक करते, रेणूंच्याच वर्णपटांवर, त्यामुळे त्या ‘१’वाल्या सरांना माझा लांबून नमस्कार. माझा परवाचा शोधनिबंध ३ वर आहे, त्यातला एक पाव आईचा.

पण सगळेच त्या कड्याला धोपटतायत म्हणून जरा उलट बाजू. खडूसकाका, तुम्ही सांगितलेली गोष्ट मी नेमकी उलटी वाचते. आर्सेनिकवाल्या जीवाणूवरचा पहिला खरा आक्षेप आला तो ब्लॉगवर, दोन दिवसांत. नियतकालिकाला सहा महिने लागले. संदर्भांची मोजणी करणाऱ्याला तर तो वर्षभर दिसलाच नसता. त्या कड्यातल्या पिवळ्या रंगावर क्लिक केलं तर ब्लॉगांची यादी उघडते. आकडा मूर्ख आहे, पण त्याच्यामागची यादी मूर्ख नाही. लोक भोकातला आकडा वाचतात आणि वडा टाकून देतात.

फॉस्फीनच्या वेळीही आम्ही त्या यादीतून माणसं शोधत होतो, कोण काय म्हणतंय ते. महिन्या-दीड महिन्यात खंडनांचे मसुदे अरकाइव्हवर होते आणि त्यावर उघड्यावर वाद चालला होता. एकमेकांच्या विदेतली चूक काढणारे लोक विदा मागतायत आणि समोरचे देतायत, हे मी शिकत असताना प्रत्यक्ष पाहिलं. पुस्तकात असं शिकायला मिळत नाही.

दुसरं, आमच्यासारख्यांची अडचण. संदर्भ जमायला तीन-चार वर्षं लागतात, नोकरीचं कंत्राट दोन वर्षांचं. अर्जात लिहायला काहीतरी हवंच ना? मी त्या आकड्याऐवजी एक ओळ लिहिते: या वारंवारता अमुक यादीत घेतल्या गेल्या. माझ्या प्रमुखांना त्या ओळीचा अर्थ कळतो. निवड समितीला कळतो की नाही ते निकालावरून कळेल.

अवांतर: हेलियम हायड्राइड पाहणारं सोफियावरचं उपकरण बॉन आणि कोलोनच्या लोकांनी बनवलेलं. सोफिया २०२२ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त झाली. तिच्यावर उडालेले लोक अजून कॅन्टीनमध्ये त्या रात्रींबद्दल बोलतात. ते कशातच मोजलं जात नाही, पण कॉफी थंड होईपर्यंत ऐकावंसं वाटतं.

---

जुना_बातमीदार

ऱ्हाइनकाठी, यादीचा मुद्दा पटला. फक्त एक भर: २०२३ पासून ट्विटरने आपली विदा मोफत देणं बंद केलं, बरेच शास्त्रज्ञ ब्लूस्कायवर गेले. त्यामुळे २०२० चं कडं आणि आजचं कडं शेजारी ठेवून तुलना करू नका. मापच बदललंय.

---

खडूस

ऱ्हाइनकाठी, आईचा पाव मान्य. बाकी विचार करतो.

---

आडत्या

मला एवढं कळलं की आमच्याकडे जसं आवक आणि भाव वेगळे लिहितात तसं इथे नाही. किती पोती आली ते लिहिलंय, आत माल कसा आहे ते पोतं फोडल्याशिवाय कळणार नाही. बरोबर ना?

---

पुस्तकी_किडा

आडत्यादादा, आवक! हाच शब्द मला सापडत नव्हता.

काय केलं ते सांगते. रकाना भरला. पण प्रत्येक आकड्यापुढे कडं उघडून पाहिलं आणि एक ओळ लिहिली: यातल्या बातम्या एकाच प्रसिद्धिपत्रकाच्या प्रती आहेत, किंवा यातले ब्लॉग आक्षेप घेणारे आहेत, असं. आमच्याकडे शोधनिबंध थोडेच, चाळीसेक, म्हणून जमलं. चार दिवस गेले. वर्णपटवाल्या सरांकडे जाऊन विचारलं की तुमचे आकडे कुठल्या यादीत गेलेत का. ते उठले, कपाटातून एक छापील कागद काढला. त्यावर त्यांच्या रेणूच्या तेवीस वारंवारता, आणि एका ओळीशेजारी पेन्सिलीने लहानशी खूण. म्हणाले, ही ओळ कुणीतरी दुर्बिणीवर पाहिल्याचं पत्र आलंय, अजून प्रसिद्ध नाही, तुम्ही कुठे बोलू नका. (रेणूचं नाव म्हणूनच लिहीत नाहीये.)

तक्ता साहेबांकडे गेला. परत आला तेव्हा माझ्या सगळ्या ओळी तळटिपांत गेल्या होत्या, बारीक अक्षरात. आकडे ठळक.

---

मैना

आणि सरांपुढे काय राहिलं शेवटी?

---

पुस्तकी_किडा

१. ठळक.